पेटी, बाटली आणि वर्षश्राद्धाचं भाषण

या अंकात चार पत्रं घेतोय, चारही आपल्या सीमाभागातली आणि योगायोग म्हणा काही म्हणा, चारही एकाच विषयाभोवती फिरणारी, वाजवणारी-गाणारी माणसं आणि दारू. नावं-गावं नेहमीसारखी काढून टाकलीत. पहिल्या पत्राला जागा जास्त गेलीये, बाकीच्यांनी रागवू नये.

प्रश्न : काका नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, भजनात पखवाज वाजवतो. माझा बारक्यापणापासनंचा दोस्त पेटीला असायचा, बेळगावच्या पेटीवाल्या विजापुरे मास्तरांचं नाव निघालं की कान पकडणारा माणूस. गेल्या पावसाळ्यात वारला, दारूनं. आधी कावीळ, मग पोटात पाणी झालं, मग एका रात्री रक्ताची उलटी, बेळगावला नेईपर्यंत उशीर झाला. आता वर्षश्राद्ध आलंय, मंडळानं त्या रात्री भजन ठेवलंय आणि दोन शब्द तूच बोल म्हणून सगळे मागं लागलेत. त्याचा थोरला भाऊ म्हणतो दारूचं नाव पण काढायचं नाही, आजारानं गेला एवढंच म्हण. आणि आमची तरणी पोरं भलतंच बोलालीत, दादा टाईट असला की पेटी काय बोलायची, शुद्धीत असताना तेवढा रंग नव्हता, ते सांगा म्हणे भाषणात. मला दोन्ही पटेना. खरं सांगू का, मला अजून त्याचा रागच येतो, स्वतःची पेटी तर गहाण टाकलीच पण मंडळाची सुद्धा टाकली होती एकदा, आम्ही वर्गणी काढून सोडवून आणली. असल्या माणसाबद्दल काय बोलू आणि कसं बोलू? आणि माईकवर रडायचं नाहीये मला.

उत्तर : आधी पोरांचं बघू, भावाकडं नंतर येतो, कारण भाऊ लाजेपोटी लपवतोय आणि त्यानं फार कोणाचं नुकसान होत नाही, पण पोरं जे बोलालीत त्यातनं उद्या आणखी एखादा पेटीवाला जायचा.

पोरांनी बघितलं ते खरं असणार, पण त्याचा अर्थ साफ उलटा लावलाय त्यांनी. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं शरीर दारू धरूनच चालायला लागतं, मग सात-आठ तास पोटात दारू गेली नाही की हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते, एका जागी बसवत नाही. असल्या हातानं पेटीवर तान सोडा, साधी चाल सुद्धा नीट निघायची नाही. मग कोणीतरी मागं नेऊन दोन घोट देतं, थरथर थांबते, बोटं जाग्यावर येतात आणि समोर बसलेल्याला वाटतं, बघा घेतल्यावर कसा रंग चढला. चढला बिढला काही नाही, त्याचं जे होतं त्यातलं अर्धंमुर्धं तेवढ्यापुरतं परत आलं. पुढं पुढं तर तेही येत नाही, दारूनं नसा खराब होतात, आधी पाय बधिर होतात मग बोटं, आणि पट्टीवर बोट नेमकं कुठं पडलंय ते बोटाला कळेनासं होतं. तुमच्या दोस्ताला शेवटी शेवटी असं व्हायचं का ते तुम्हालाच आठवेल, तुम्ही पखवाजावर शेजारीच बसायचात की.

तर भाषणात हे सांगा. तो वीस-बावीस वर्षांचा असताना, दारू लागायच्या आधी, कसा वाजवायचा ते सांगा. बुवा पांढरी चार पट्टी धरून बसले आणि रंगात येऊन मध्येच वर सरकले की हा कसा न बोलता सांभाळून घ्यायचा, गवळणीला कुठली जागा घ्यायचा, भैरवीला डोळे मिटायचा का तुमच्याकडं बघायचा. मी हे अंदाजानं लिहितोय, तुमच्याकडं खरं असणार. त्या पोरांनी ते ऐकलेलंच नाही हो, त्यांच्या वाट्याला दारूनं उरवलेला माणूस आला आणि तोच त्यांना अख्खा वाटला.

जाता जाता एक बोलून घेतो. कलाकार म्हटल्यावर घेणारच ही समजूत कलाकारांपेक्षा पाजणाऱ्यांनीच जास्त पसरवलीये. आपल्याकडं लग्नातला ऑर्केस्ट्रा असो, गणपती असो, शिवजयंतीचे चित्ररथ असोत नाहीतर गावची लक्ष्मी यात्रा, कार्यक्रम संपला की बिदागीतले अर्धे पैसे हातात, अर्धे नंतर बघू आणि "वाजवणाऱ्यांची सोय केलीये" म्हणून मागच्या खोलीत बाटली. तिथं नको म्हणणारा माणूस शिष्ट ठरतो आणि पुढच्या सुपारीला त्याला बोलवत नाहीत. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायी, म्हणजे स्वस्तातली देशी दारू, बंद झाली तेव्हा बायकांना वाटलं सुटलो एकदाचे, पण सारायी गेली आणि लेबलवाली बाटली आली, आणि चोर्ला घाट उतरलं की गोवा किती लांब आहे ते मी खानापूरकरांना काय सांगायचं. मंडळाचे लोक समोर बसलेलेच असणार तर हे पण बोलाच, की इथून पुढं वाजवणाऱ्याची बिदागी पूर्ण, त्याच दिवशी, रोख नाहीतर फोनवर, आणि बाटली आपल्या मंडळाकडनं कोणालाच नाही. टाळ्या कमी पडतील, पडू देत.

आता भाऊ. त्यांना काय वाटतं ते मला कळतं, लोक काय म्हणतील, पोरांची लग्नं जमायची आहेत, घरावर डाग नको. पण खानापूर तालुक्यातल्या गावात दारूनं गेलेला माणूस कशानं गेला हे कोणाला माहीत नाही असं असतं का? सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट एकट्या माईकला माहीत नाही असं केलं तर लोक तुमचं पुढचं भाषण ऐकत नाहीत, ती गाळलेली गोष्टच ऐकत बसतात.

कुमार गंधर्वांचं बघा. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, १९२४ चा जन्म. ऐन उमेदीत क्षय झाला, हवापालट म्हणून देवासला गेले आणि कित्येक वर्षं गाणं बंद, एक फुप्फुस जवळपास गेलेलं. हे सगळं उघड आहे, त्यांच्याबद्दल लिहिलेल्या कुठल्याही लेखात असतं, कोणी लपवलं नाही, आणि तरी कुमार म्हटल्यावर कोणाच्या तोंडात आधी क्षय येत नाही, गाणंच येतं. त्या काळी क्षयाला पण लोक घाबरायचे, लपवायचे, स्थळं मोडायची. दारूचं व्यसन सुद्धा आजार म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे, फक्त आपल्या गावात ते अजून "त्याची लक्षणंच तसली" या खात्यात पडलंय. आजार म्हटलं म्हणजे सगळं माफ असं मात्र मी म्हणत नाही, पेटी गहाण टाकली ती टाकलीच.

पण मला तुमच्या पत्रात एक गोष्ट खटकली. भावाचं मत आहे, पोरांचं मत आहे, तुमचं आहे, त्याच्या बायकोचं कुठाय? ती असेल असं धरून चालतो. रात्री दोनला दार उघडायला कोण उठायचं, उलटी कोणी पुसली, गहाणाची चिठ्ठी कोणाच्या डब्यात होती? मग काय बोलायचं ते तिला आधी विचारा, आणि घरी जाऊन विचारा, बरोबर तुमच्या घरच्यांना न्या, म्हणजे ती मोकळं बोलेल. ती नको म्हणाली तर नको, विषय तिथंच संपला, मग "लिव्हरच्या आजारानं गेला" म्हणा, ते खोटं पण नाही. ती चालेल म्हणाली तर भावाला तिनंच सांगू दे.

बोलायचं ठरलं तर फार गुंडाळून नको. "तो दारूनं गेला. त्याला ती सुटली नाही." एवढं एकदाच, सुरुवातीलाही नको आणि शेवटाला तर अजिबात नको, मधेच कुठंतरी, आणि लगेच पुढच्या गोष्टीवर जा. त्यानं मधे कधी सोडली होती का? बहुतेकजण सोडतात, महिना, सहा महिने, एखादी आषाढी ते कार्तिकी. सोडली असेल तर ते नक्की सांगा. परत सुरू झाली की लोक म्हणतात बघा, म्हटलं नव्हतं, आणि ते सोडलेले महिने हिशेबातच धरत नाहीत, पण त्या महिन्यांत त्यानं रोज उठून जे केलं ते पेटी वाजवण्यापेक्षा अवघड होतं.

रागाचं म्हणाल तर येऊ दे राग. गेलेल्या माणसावर रागवायचं नाही असा नियम कोणी केलाय? उलट मला वाटतं पेटी गहाण टाकल्याचं माईकवर सांगाच, मंडळात कोणाला माहीत नाही असं नाही, लोक हसतील पण. फक्त अर्धं सांगू नका. वर्गणी काढून मंडळाची पेटी सोडवून आणलीत म्हणता, मग आणल्यावर ती ठेवली कोणाच्या पुढ्यात? परत त्याच्याच ना? मग तेही सांगा.

आणि श्रोत्यांत कानडी माणसं असणारच. तो अभंगाला वाजवायचा तसा पुरंदरदासांच्या, कनकदासांच्या पदांनाही वाजवतच असणार, तुमच्या भागातला पेटीवाला कधी एका भाषेवर जगलाय का? तर दोन वाक्यं कानडीत पण बोला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे पण त्यात पेटीला कोणी पार्टी केलेलं नाही.

रडायचं म्हणाल तर कागदावर लिहून घ्या, चार-पाच मिनिटांच्या वर नको, आणि भाषण भजनाच्या आधी उरका, म्हणजे घसा दाटला तरी लगेच हात पखवाजावर जाईल. मी बघितलंय, हात कामाला लागले की डोळे जरा ऐकतात.

प्रश्न : मी निपाणीची. आमचे मालक बेंजो पार्टीत वाजवतात. सीझनला रोज पिणं, आता सीझन नसला तरी रोजच. शेजारच्या वहिनी म्हणाल्या मेडिकलमध्ये गोळी मिळते, चहातून गुपचूप द्यायची, दारू सुटते. द्यावी का? आणि ते म्हणालेत यंदा आषाढीला माळ घालतो, त्या दिवसापासनं एकदम बंद. त्यांच्या पार्टीतला ढोलवाला मागच्या वर्षी असाच पिऊन पिऊन गेला, तेव्हापासनं घाबरलेत.

उत्तर : ताई, गोळी चहातून अजिबात देऊ नका, आजपर्यंत दिली नसेल तर देव पावला. त्या गोळीचं नाव डायसल्फिराम. ती दारूची इच्छा मारत नाही, ती पोटात असताना वर दारू पडली की शरीरात विष साठतं, तोंड लालेलाल होतं, ओकाऱ्या, छातीत धडधड, बीपी खाली, आणि हार्ट नाजूक असलेला माणूस दगावू शकतो. शेवटची गोळी घेतल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. म्हणून डॉक्टर ती पेशंटला सगळं समजावून, त्याची तयारी असेल तरच देतात. ज्याला माहीतच नाही की आपल्या पोटात गोळी आहे तो संध्याकाळी नेहमीसारखा बसणार, आणि उद्या कळलं तर तुमच्या हातचा चहा परत घ्यायचा नाही ते वेगळंच.

माळ घालतो म्हणालेत ते फार चांगलं आहे, आपल्या भागात माळेनं कितीतरी घरं उभी राहिलीत, डॉक्टर लोक काहीही म्हणोत. अडचण फक्त "एकदम बंद" मध्ये आहे. रोज पिणाऱ्यानं एका दिवसात बंद केली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला माणूस भ्रमात जातो, नसलेली माणसं दिसतात, भिंतीवर किडे दिसतात, ताप, घाम, कोणाला ओळखत नाही. गावात याला बाहेरचं लागलं म्हणतात आणि देवर्षीकडं नेतात, त्यात वेळ जातो आणि जीव पण जातो. हे सगळं औषधानं टाळता येतं, पहिला आठवडाभर डॉक्टर गोळ्या आणि बी-वन व्हिटॅमिन देतात, नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून भागत नाही. तर माळ घालायच्या आधीच डॉक्टरांना भेटा, दारू किती आणि किती वर्षं हे खरं सांगा, आधी कधी सोडताना फिट आली असेल तर ते आधी सांगा, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करा. मग माळ घालून खुशाल दिंडीला जाऊ देत, पांडुरंग काय चार दिवस उशीर झाला म्हणून रागवत नाही.

कुठं जायचं तर मानसोपचार तज्ज्ञाकडं, वेड्यांचा डॉक्टर म्हणून घाबरू नका. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तो विभाग असतो, धारवाडला डिमहान्स ही खास त्याचीच सरकारी संस्था आहे, आणि पुण्याकडं नातेवाईक असतील तर मुक्तांगण आहे, १९८६ पासून चालू. फोनवर विचारायचं तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन १४४४६ आणि मनाच्या कुठल्याही त्रासाला टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट. पिणाऱ्यांची अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची मीटिंग असते तशी घरच्यांसाठी अल्-अॅनॉनची वेगळी असते, जवळपास असेल तर तिथं तुम्ही जा. ते आले नाहीत तरी तुम्ही जा.

आणि सीझनला काय करायचं ते आत्ताच बोलून ठेवा. पहिलं वर्ष पार्टीच्या टेम्पोतून परत यायचं नाही, कार्यक्रम झाला की गावातल्या कोणाच्यातरी बाईकवरून सरळ घरी. बेंजो सोडायला लावू नका, त्यांच्याकडनं एकाच वेळी दोन्ही काढून घेतलंत तर दिवस खायला उठतो.

प्रश्न : आमचे काका हलगी वाजवायचे, दारूनं गेले. रक्षाविसर्जनाला कावळा शिवेना, मग कोणीतरी क्वार्टर आणून टोपण उघडून पानाशेजारी ठेवली आणि लगेच कावळा आला. आता सगळे म्हणतात जीव दारूतच अडकला होता. त्यांचा मुलगा सहावीत आहे, तो हे ऐकून गप्पच झालाय. वर्षश्राद्धाला पण बाटली ठेवायची म्हणालेत. (हुक्केरी तालुका)

उत्तर : कावळा कधी येतो सांगू का, माणसं पानापासून लांब झाली आणि गप्प बसली की. तासभर सगळे पानाभोवती उभं राहून "ये ये" करत असतात, मग कोणीतरी काहीतरी नवीन ठेवतो, आता तरी येतो का बघायला सगळे मागं सरकतात, आणि तो येतो. बाटलीच्या जागी पान-सुपारी ठेवली असती तरी आला असता. कावळ्यानं पानातल्या घासाला चोच मारली का क्वार्टरला, ते विचारा त्या मंडळींना.

वर्षश्राद्धाला बाटली ठेवू नका. शेंगाची पोळी आवडायची, कुंदा आवडायचा, तांबडा रस्सा आवडायचा, काहीतरी असेलच की, ते ठेवा, आणि काय ठेवायचं ते त्या पोराला विचारा, त्याला बरोबर माहीत असणार. तुमच्या घरात मोठ्यानं बोलणारी एखादी आत्या असेल तर बाटली ठेवायची नाही हे सगळ्यांना सांगायचं काम तिच्यावर सोपवा.

प्रश्न : आमच्या ऑर्केस्ट्रातला गायक मित्र गेला, तोही याच पायी. त्याच्या आवाजाच्या जुन्या कॅसेटी माझ्याकडं आहेत, काहींना पांढरी बुरशी आलीये. काय करू? (बेळगाव, शहापूर)

उत्तर : बुरशी आलेल्या कॅसेटी आधी बाजूला काढा आणि प्लेयरमध्ये घालू नका, ती हेडला लागते आणि मग चांगल्या कॅसेटींना पण लागते. त्या जाणकाराकडूनच साफ करून घ्या. आपल्याकडच्या पावसात कपाटात ठेवलेल्या कॅसेटीचं हेच होतं, कोरड्या डब्यात, उभ्या, स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब ठेवायच्या.

चांगल्या असतील त्यांच्या वरच्या कडेचे दोन छोटे टॅब मोडून टाका, म्हणजे घरातल्या कोणी चुकून त्याच्यावर दुसरं काही रेकॉर्ड करणार नाही. मग चालू स्थितीतला टेप बघा, त्याचं हेड स्पिरिटनं पुसून घ्या, आणि वायरनं कॉम्प्युटरला जोडून रेकॉर्ड करा, स्पीकरसमोर मोबाईल धरून नको, त्यात पंख्याचा आवाज येतो आणि शेजारच्यांची कुकरची शिट्टी पण. फाईल वेव्ह फॉरमॅटमध्ये ठेवा, एमपीथ्री नंतर कधीही करता येते. मधली बडबड कापू नका. "आवाज येतोय का रे", "दोन नंबर माईक कमी कर", खोकला, हशा, सगळं राहू द्या, गाणी काय त्याच्यापेक्षा चांगली म्हणणारे खूप मिळतील. कुठल्या गावचा कार्यक्रम, तबल्याला कोण, हे आठवतंय तोवर फाईलच्या नावातच लिहा.

कॉपी दोन ठिकाणी ठेवा, एक त्याच्या घरी द्या. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाईल आहे तशीच जाते.